फक्कीच्या रेघा

मोठ्या बाईंना भेटायला आलेला माणूस कधी ऑफिसात बसायचा नाही. बाई त्याला बसूच द्यायच्या नाहीत. शाळा साडेदहाला भरायची, पण बाई पावणेदहाच्या एस.टी.ने यायच्या, पर्स खुर्चीला अडकवायच्या, पदर खोचायच्या आणि हिरवी प्लॅस्टिकची बादली घेऊन मैदानात उतरायच्या. घंटा होईपर्यंत मैदानातले दगड वेचत फिरायच्या. ज्याला कुणाला बोलायचं असेल त्यानं तिथंच यायचं. पालक असो, सरपंच असो, नाही तर तालुक्याचा साहेब असो. दोन-चार मिनिटं तो माणूस हाताची घडी घालून त्यांच्या शेजारून चालायचा. मग बाई वर न बघता म्हणायच्या, "बोलता बोलता वेचा की! काम तोंडाचं हाय, हात मोकळंच हाईत न्हवं?" आणि तो बिचारा वाकायचा. कडक इस्त्रीची पँट घातलेले केंद्रप्रमुख दोन्ही मुठीत खडे धरून आमच्या शाळेच्या पटनोंदणीवर चर्चा करताना मी स्वतः पाहिलेत.

माझीही सुरुवात तशीच झाली. शिक्षणसेवक हे तेव्हा नुकतंच निघालेलं प्रकरण होतं. तीन वर्षं मानधनावर राबायचं, शेरे चांगले आले तर कायम, नाही तर घरचा रस्ता. नेमणुकीचा कागद खिशात घालून मी त्या गावात उतरलो तेव्हा बाई मैदानाच्या मधोमध वाकलेल्या होत्या. कागद त्यांनी उभ्या उभ्या वाचला, घडी घालून मला परत दिला आणि विचारलं, "कुठलं गाव म्हणालासा?"

"पन्हाळ्याकडचा आहे मी, बाई."

"मग दगडाची सवय असंल. त्या कडंनं तुम्ही या, हिकडनं मी येतो."

मस्टरवर सही नंतर झाली. आधी बादली भरली.

कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, तशा बाईही म्हणायच्या. साहेबलोकांसमोर त्यांची भाषा पुस्तकी व्हायची, पण राग आला की तिथंही आपली मूळची यायची. नाव लीलावती कांबळे. गावात मात्र त्यांना नावानं कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. शाळेत आणखी एक तरुण बाई होत्या, त्या लहान बाई आणि या मोठ्या. उंचीनं मात्र मोठ्या बाईच लहान होत्या. बुटक्या, रुंद, खळ केलेली सुती साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट बघून गावातल्या बायका सुरुवातीला तोंडाला पदर लावून हसायच्या म्हणे. बाईंनी त्यांना ऐकवलं होतं, "हसा. पाय माझं हाईत, काटंबी मलाच मोडत्यात."

आमचं गाव कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीपासून चार-पाच किलोमीटरवर. नव्वदीच्या शेवटी तिथं कारखाने उभे राहायला लागले आणि आमच्या शाळेचा पट फुगायला लागला. गावात भाड्यानं राहणारी कामगारांची बिऱ्हाडं वाढली. कुणी निपाणीकडचे, कुणी सोलापूरचे, कुणी पार बिहारचे. दर सोमवारी दारात एखादी बाई दोन पोरांचे हात धरून उभी असायची. मोठ्या बाई कुणाला परत पाठवायच्या नाहीत. दाखला नसला तरी "आधी बस, दाखला येईल मागनं" म्हणून पोराला आत ढकलायच्या. शाळा सातवीपर्यंत आणि खोल्या ऑफिस सोडून चारच. त्यातल्या एकीचं छप्पर पावसाळ्यात गळायचं, म्हणून ती चार महिने बंद. मग पहिलीचा वर्ग मारुतीच्या देवळात आणि दुसरीचा बुद्धविहारात भरायला लागला.

त्यावरून एकदा गावातले सात-आठ पालक मैदानात आले. आमच्या पोरांना देवळात बसवा, विहारात नको, असं त्यांना म्हणायचं होतं. पण सरळ म्हणवेना. लांब पडतंय, रस्त्यात कुत्री आहेत, असं काहीबाही चाललं होतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं झालं आलासा. सोमवारपासनं एक आठवडा पहिली देवळात, दुसरी विहारात. पुढच्या आठवड्यात उलटं. दोन्हीकडं सारखंच गळतंय. आणि आलायसा तर त्या कोपऱ्यातलं चार दगड उचला, जड हाईत, मला एकटीला निघंनात." पालकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दगड उचलले. वर्ग वर्षभर तसेच आलटूनपालटून भरले.

त्यांना मैदानाचं एवढं काय होतं, हे मी एकदा विचारलं. खोल्या नाहीत, फळे फुटलेत, मुतारीला दार नाही, आणि तुम्ही दगड वेचत बसता, असं काहीतरी तोंडातून गेलं. वयच तसं होतं. बाईंनी हातातला दगड बादलीत टाकला. मग म्हणाल्या, "आमच्या शाळेत आम्हा पोरींना वर्गात बसवायचे. तेवढं सरकारनं करून ठेवलं हुतं. पण सुट्टी झाली की आम्ही कडंला उभ्या. खेळात घेत न्हवतं कुणी. वर्गात काय हो, सगळीच गप बसत्यात. कोण कुणाला धरतंय, कोण कुणाला शिवतंय, ते मैदानात कळतंय." आणि लगेच त्यांनी चौथीची प्रगतीपुस्तकं पूर्ण झाली का ते विचारलं. झाली नव्हती.

तीन नव्या खोल्या मंजूर झाल्याचं पत्र आलं तेव्हा शाळेत पेढे वाटले गेले. पण आनंद आठवडाभरच टिकला. इंजिनिअर साहेब जागा बघायला आले आणि मैदानाच्या बरोबर मध्यावर पाय आपटून म्हणाले, "इथं." तिथं कडक मुरूम होता, जमीन सपाट होती, पाया कमी लागणार होता. पश्चिमेच्या कुंपणाला उतार होता. त्यांचं बरोबरच होतं. पण मधोमध खोल्या उभ्या राहिल्या असत्या तर मैदानाचे दोन बोळ झाले असते.

पुढचे सहा महिने बाईंनी काय केलं ते आठवलं तरी आज माझे पाय दुखतात. शाळा सुटली की एस.टी.नं तालुक्याला जायचं, तिथं कळायचं साहेब फिरतीवर आहेत. पुन्हा जायचं, तर साहेब मीटिंगमध्ये. एकदा भेटले तर फाईल दुसऱ्याकडे. एकदा फाईल सापडली तर नकाशा नाही. बरोबर बहुतेक वेळा मी असायचो. बाई बाकावर बसून राहायच्या, बुटाची लेस सोडायच्या, पुन्हा बांधायच्या. "खोल्या पायजेत, मैदानबी पायजे," एवढंच त्यांचं म्हणणं. ऐकणारा हसायचा. दोन्ही मागणारं माणूस त्या कचेरीत बहुधा पहिल्यांदाच आलं होतं. ही मागणी कुणी नाकारायचं नाही आणि मान्यही करायचं नाही. अशा वेळी माणूस भांडत नाही, नुसता झिजतो. परतीच्या गाडीत बाई खिडकीला डोकं टेकून झोपायच्या आणि मी त्यांची पर्स सांभाळत बसायचो.

शेवटी जानेवारीत इंजिनिअर साहेब कंटाळले. "तुमच्या हट्टापायी करतोय, बाई," म्हणत त्यांनी पश्चिमेच्या कुंपणालगत चार खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि चुन्याची फक्की मारून पायाची आखणी करून दिली. मार्चच्या आत काम झालं नाही तर निधी परत जाणार, हेही बजावलं. अर्धं पोतं फक्की उरली, ती शाळेत ठेवून गेले. त्या दिवशी बाईंनी आम्हा चौघा शिक्षकांना स्वतःच्या पैशानं मिसळ खाऊ घातली. स्वतः खाल्ली नाही. म्हणाल्या, "मला आता नुसतं बसावंसं वाटाय लागलंय."

आता माझं सांगायचं.

पुढच्याच मंगळवारी केंद्राच्या कबड्डीच्या स्पर्धा आमच्या शाळेत होत्या. दहा गावांचे संघ येणार होते. क्रीडाशिक्षक म्हणून मैदान आखायचं काम माझ्याकडे. शनिवारी सकाळची शाळा सुटली, बाई तालुक्याला मीटिंगला गेल्या होत्या, रविवार-सोमवार जोडून सुट्टी होती आणि मला तीनच्या गाडीनं घरी जायचं होतं. शाळेच्या खुंट्या काढल्या तर त्यांना वाळवी लागलेली. ठोकायला गेलो की टोक मोडायचं. मी इकडेतिकडे पाहिलं. कुंपणालगत इंजिनिअर साहेबांच्या चार खुंट्या दिसल्या, नव्या, घट्ट, व्यवस्थित तासलेल्या. तिथली फक्की उसाच्या गाड्यांनी जवळजवळ पुसून टाकली होती. कारखान्याचा हंगाम चालू असला की गाडीवान मैदानातूनच आडवे जायचे. मला वाटलं, खुंट्या मंगळवारी संध्याकाळी परत ठोकू. कुठं ठोकायच्या ते विसरू नये म्हणून मी चारही भोकांत एकेक विटेचा तुकडा घातला. माझ्या मते मी फार काळजीपूर्वक वागत होतो.

मग मी मैदान आखलं. मधोमध, मुरमावर, त्या चार खुंट्या ठोकून, दोरी ताणून, त्याच पोत्यातली फक्की घेऊन. मधली रेघ, दोन्हीकडच्या निदानरेषा, कडेनं लॉबीच्या पट्ट्या. आयुष्यात इतकं सरळ मी काही आखलं नव्हतं. लांबून एकदा बघितलं, खूश झालो आणि गाडी पकडली.

रविवारी सकाळी ठेकेदाराची माणसं आली. ठेकेदारानं मुकादमाला एवढंच सांगितलं होतं की शाळेत जा, खुंट्या ठोकल्यात, फक्की मारलीय, रेघेवरनं खणत सुट. मुकादमानं खुंट्या बघितल्या, फक्की बघितली आणि खणत सुटला. नंतर तो म्हणाला, "मधली रेघ म्हंजी मधली भिंत, कडंची पट्टी म्हंजी व्हरांडा. त्यात कळाय काय लागतंय?" त्याला कशाला दोष द्या! कबड्डीच्या मैदानात खोल्या आणि व्हरांडा खरंच दिसतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. दोन दिवसांत त्यांनी सगळ्या रेघा कमरेइतक्या खोल खणल्या आणि निम्म्या चरांत काँक्रीटही ओतलं.

मंगळवारी आठ वाजता मी पोचलो तेव्हा दहा गावांची पोरं खेळाचे कपडे घालून चराच्या काठावर उभी होती. बाई त्यांच्या पुढे. हातात बादली नव्हती. त्यांनी माझ्या चार खुंट्यांकडे पाहिलं, मग कुंपणापर्यंत चालत गेल्या आणि खाली वाकून एका भोकातला विटेचा तुकडा काढला. तो बोटांत फिरवला. परत आल्या आणि मला म्हणाल्या, "सर, आधी पोरांस्नी पाणी द्या. लांबनं आल्यात." स्पर्धा गावाबाहेरच्या माळावर झाल्या. तिथं दगड होते. गुडघे फुटले.

गुरुवारी तालुक्याचे शिक्षण खात्याचे साहेब आणि इंजिनिअर साहेब आले. मैदान खणलेलं, म्हणून त्या दिवशी सगळे ऑफिसात बसले, ते दोघं, सरपंच, बाई आणि आम्ही चौघं शिक्षक. इंजिनिअर साहेब चिडलेले होते, तरी मनातून सुटल्यासारखे दिसत होते. म्हणाले, "आता झालंय ते राहू द्या. मापं थोडी बदलून घेऊ. मार्चच्या आत तीन खोल्या उभ्या करून देतो."

सरपंच म्हणाले, "असू द्या की बाई. पोरांच्या डोक्यावर छप्पर आलं म्हंजी झालं. ख्योळ काय, कुठंबी ख्योळत्यात."

"कुठंबी म्हंजी कुठं?" बाईंनी विचारलं. "रस्त्यावर उसाच्या गाड्या, माळावर दगड. तुमचा नातू पहिलीत हाय, सरपंच. त्याला कुठं सोडणार, सांगा."

इंजिनिअर साहेबांनी फाईल मिटली. "ठीक आहे. हलवतो कुंपणाकडं. पण खणलेलं, ओतलेलं वाया जाणार, त्याचं उत्तर मला वर द्यावं लागतं. माझी आखणी बरोबर होती. खुंट्या कुणीतरी काढल्या. चूक शाळेची होती हे लेखी द्या, कुणी केली ते नावासह. मगच जागा बदलेल."

खात्याच्या साहेबांनी कोरा कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं. "बोला. खुंट्या कुणी काढल्या?"

मी मागच्या बाजूला, कपाटाला टेकून उभा होतो. माझी दोन वर्षं झाली होती, एक राहिलं होतं. घरी वडिलांनी माझ्या नोकरीवर बहिणीचं लग्न ठरवलं होतं. ही कारणं मी इतक्या वर्षांत इतक्यांदा स्वतःला सांगितलीत की ती आता झिजून गुळगुळीत झाली आहेत. खरं एवढंच की मी कपाटाला टेकलेलाच राहिलो. लहान बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. उरलेले दोघे जमिनीकडे बघत होते. मोठ्या बाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या होत्या. बराच वेळ गेला. साहेबांनी एक उसासा टाकून पेनाचं टोपण परत बसवायला घेतलं.

"मी काढल्या," मोठ्या बाई म्हणाल्या.

साहेब चमकले. "तुम्ही? शनिवारी तर तुम्ही आमच्याकडं मीटिंगला होता."

"मीटिंगला यायच्या आधी. सकाळी. मैदान आखायला पाहिजे होत्या म्हणून."

बाईंना खोटं बोलताना मी तेव्हाच काय ते पाहिलं, आणि ते त्यांना अजिबात जमत नव्हतं. त्यांचे कान लाल झाले होते. पण कागदाला कानांशी काय करायचं असतं! साहेबांनी लिहिलं, बाईंनी सही केली. खोल्या कुंपणाकडे हलल्या.

तीनऐवजी दोनच झाल्या. काँक्रीट फोडण्यात, चर बुजवण्यात आणि मार्च गाठण्यात तिसरी राहून गेली. गावात बोललं जाऊ लागलं की बाईनं एक खोली घालवली. तिसरीच्या वर्गाला जागा नव्हती म्हणून बाईंनी आपलं ऑफिस त्यांना दिलं आणि टेबल-खुर्ची व्हरांड्यात आणली. निवृत्त होईपर्यंतची तीन वर्षं त्या तिथंच बसल्या, उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात झड खात. सेवापुस्तकात ठपक्याची नोंद झाली. त्याच वर्षी जिल्ह्याच्या आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी त्यांचा प्रस्ताव गेला होता, तोही परत आला. "बरं झालं, नवी साडी घ्याय लागली असती," एवढंच बाई त्यावर बोलल्या.

माझा शेरा त्यांनी 'उत्तम' दिला. मी कायम झालो, बहिणीचं लग्न झालं. बाई माझ्याशी पूर्वीसारख्याच वागत होत्या. वर्गात येऊन बघायच्या, डब्यातली भाकरी पुढे करायच्या. फक्त सकाळी मी मैदानात उतरलो की म्हणायच्या, "राहू द्या सर, तुम्ही वर्गाचं बघा." मला वाटलं, वयानं त्या मऊ झाल्यात. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं, कारण वाकून वाकून माझी कंबर दुखायची.

निरोपसमारंभ मैदानातच झाला. मैदान आता खरंच मैदान दिसत होतं. कबड्डीचं, खो-खोचं, कडेला दोन झोके. बाहेरून आलेली पोरं आणि गावातली पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती, नावं कुणाची कोणती ते कळत नव्हतं. मी भाषण केलं. माझं भाषण चांगलं होतं असं अजून लोक सांगतात. मी म्हणालो की या माउलीनं दुसऱ्याची चूक स्वतःच्या अंगावर घेतली, पण मैदान वाचवलं. टाळ्या पडल्या. कुणाची चूक, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मोठ्या बाई आपल्या बुटांकडे बघत होत्या.

पुढं माझी बदली बिद्रीकडच्या एका शाळेत झाली. तिथंही पट वाढलेला, खोल्या अपुऱ्या, तेच प्रस्ताव आणि तीच कचेरी. बाईंची गोष्ट मी नव्या शिक्षकांना सांगायचो. 'एका शिक्षणसेवकाला वाचवण्यासाठी बाईंनी...' अशी. तो शिक्षणसेवक कोण, ते माझ्या गोष्टीत कधी यायचं नाही. सांगून सांगून ती इतकी छान झाली होती की मलाही ती दुसऱ्या कुणाची वाटायची.

मग एक दिवस आमच्याकडे साहेब आले असताना पोषण आहाराचा तांदूळ भिजलेला सापडला. अख्खं पोतं, खिडकीखाली. साहेबांनी आवाज चढवून विचारलं, "हे कुणाचं काम?" आमच्याकडे एक नवी शिक्षणसेविका होती, रुजू होऊन चार महिने झालेली. ती म्हणाली, "माझ्याकडनं राहिलं, सर. खिडकी मी लावायला विसरले." अर्धा सेकंदही लागला नाही तिला. साहेब थोडे बडबडले, चहा प्यायले आणि गेले. ती पोरगी पुढच्या तासाला कविता शिकवत होती. मी व्हरांड्यात उभा राहून ऐकत होतो. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घरी न जाता बाईंकडे जायला कोल्हापूरची गाडी धरली.

बाई गेल्या त्याच्या दोन महिने आधीची ही गोष्ट. मला मागाहून कळलं की तेव्हाच त्यांच्या मूत्रपिंडांनी काम सोडत आणलं होतं. त्यांच्या कॉलनीतल्या घरात पुढच्या खोलीत कॉट टाकली होती. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. सून मला बसवून आत गेली. बाई वाळून निम्म्या झाल्या होत्या. पाय सुजलेले, पांढऱ्या चादरीबाहेर आलेले. मला ओळखून हसल्या. "कसं काय सर, वाट चुकलासा?" शाळेचं विचारलं, माझ्या मुलांचं विचारलं. मी उत्तरं देत राहिलो आणि एका उत्तराच्या मध्येच म्हणालो, "बाई, त्या खुंट्या मी काढल्या होत्या."

"म्हाईत हाय की."

"मला सांगायचं होतं तेव्हा. नाही सांगता आलं. तुम्ही मला वाचवलंत. तुम्ही बोलला नसता तर माझी नोकरी..."

"कोण म्हणतंय मी वाचवलं?" बाईंचा आवाज तेवढ्यापुरता जुना झाला. उशीवर कोपर टेकून त्या अर्ध्या उठल्या. "मी कुणाला वाचवाय बसलो न्हवतो. मी वाट बघत हुतो. म्हटलं आत्ता बोलंल, आत्ता बोलंल. घड्याळात बघत हुतो. तुझ्याकडं बघितलं असतं तर तू भ्यायला असतास म्हणून घड्याळात बघत हुतो. त्या साहेबानं टोपण लावाय घेतलं, मग काय करणार? मैदान जात हुतं. बोललो."

त्या मला पहिल्यांदाच 'तू' म्हणत होत्या.

मी कसंबसं विचारलं, "मी बोललो असतो तर?"

"तर काय? मी अर्ज लिहून आणला हुता पर्समधनं. मैदान आखाय मीच सांगितलं हुतं, खुंट्या शाळेत न्हवत्या ही चूक माझी, नव्या पोरावर कारवाई करू नये, असा. तू नुसतं 'मी' म्हणायचं हुतंस, की मी तो काढून म्होरं ठेवणार हुतो. तुझं काय बी झालं नसतं." त्या परत आडव्या झाल्या. दम लागला होता. "कागदावर दोन सह्या झाल्या असत्या, एवढंच. एक माझी, एक तुझी. एकटीनं सही करताना लई वाईट वाटलं बघ मला. ठपक्याचं न्हाई. एकटीचं."

आत भांडी वाजत होती. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मी मान खाली घालून त्यांच्या सुजलेल्या पायांकडे बघत बसलो. मोठा झाल्यावर इतकं रडायला येतं हे मला माहीत नव्हतं.

"किती वर्षं झाली रे त्याला?" बाईंनी विचारलं.

"सात."

"सात वर्षं," बाई म्हणाल्या. डोळे मिटून त्यांनी माझा हात चाचपून धरला. त्यांच्या हातात ताकद नव्हती. "सात वर्षं घेऊन फिरलास व्हय ते? दमला असशील."

आणि सुनेला हाक मारून म्हणाल्या, "ह्याला चहा टाक गं."